पिळलेल्या दोराचे बळ : ग्रीक आणि रोमन वेढायंत्रे

इ.स.पू. ४२९ साली स्पार्टाचा राजा दुसरा आर्किडेमस याने प्लॅटीआ या छोट्या ग्रीक नगराला वेढा घातला. तटाच्या आत ४०० प्लॅटीआकर, ८० अथेन्सकर आणि रांधण्यासाठी मागे राहिलेल्या ११० स्त्रिया, एवढीच माणसे. बाहेर ग्रीसमधले सर्वांत दरारा असलेले सैन्य. स्पार्टनांनी तटाला भिडवून मातीचा दमदमा उभारला, लोखंडी टोकाच्या ओंडक्यांनी धडका दिल्या, आग लावून पाहिली. आतल्यांनी भुयार खणून दमदम्याची माती खालून काढून नेली. धडका मारणाऱ्या ओंडक्यांना फास टाकून ते वर ओढले, त्यांच्यावर जड तुळया आदळून त्यांची टोके मोडली. नगर अखेर पडले, पण दोन वर्षांनी आणि उपासमारीने.

असे का व्हावे? संख्या, शिस्त, साधने, सगळे तर बाहेरच्यांच्या बाजूला होते. कारण एकच. तट नुसता उभा राहत नाही, तटावर माणूस उभा असतो. तो उंचावर असतो, चर्येच्या आडोशाला असतो, आणि तटाला शिडी लावायची किंवा धडक द्यायची तर त्याच्या हाताखालीच यावे लागते. या माणसाला त्याच्या बाणाच्या टप्प्याबाहेरून कसे हटवायचे? प्राचीन वेढायंत्रांचा सारा इतिहास या एका प्रश्नातून निघाला आहे. ही यंत्रे म्हणजे दगड फेकून तट पाडणाऱ्या जुन्या काळच्या तोफा, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरीचशी चुकीची आहे. तटाला खिंडार पाडण्याचे काम पुढेही मुख्यतः ओंडके आणि सुरुंगच करत राहिले. यंत्रांचे काम होते तटावरचा माणूस हटवण्याचे, आणि ते काम त्यांनी इतके चोख केले की युद्धाची रीतच बदलली.

या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते सिसिलीत. इ.स.पू. ३९९. सिराक्यूजचा सत्ताधीश पहिला डायोनिसियस कार्थेजशी युद्धाची तयारी करत होता. त्याने इटलीतून, ग्रीसमधून, अगदी कार्थेजच्या अमलाखालच्या मुलखातूनही कारागीर बोलावले. भरघोस वेतन दिले, चांगल्या कामाला बक्षिसे लावली. तो रोज त्यांच्यात फिरे आणि मन लावून काम करणाऱ्यांना आपल्या पंगतीला बसवी. डायोडोरस हा इतिहासकार सांगतो की दूरवर मारा करणारे नवे यंत्र, कॅटापुल्ट, याच वेळी सिराक्यूजमध्ये जन्मले. ही गोष्ट जरा थांबून लक्षात घेण्यासारखी आहे. इतिहासात नोंदले गेलेले हे बहुधा पहिले शस्त्रसंशोधन, ज्यात राज्यसत्तेने पैसा टाकून, माणसे जमवून, ठरवून नवे हत्यार घडवून घेतले. दोनच वर्षांनी, इ.स.पू. ३९७ मध्ये, डायोनिसियसने कार्थेजच्या ताब्यातील मोट्या बेटाला घातलेल्या वेढ्यात हिमिल्को हा कार्थेजचा सेनापती आरमार घेऊन चालून आला, तेव्हा किनाऱ्यावर मांडलेल्या या यंत्रांनी त्याच्या जहाजांवर बाणांचा वर्षाव केला. असले काही त्या खलाशांनी कधी पाहिले नव्हते.

पहिल्या पिढीचे हे यंत्र होते तरी कसे? मुळात ते एक दणकट धनुष्यच होते. लाकूड, शिंग आणि कंडरा एकत्र चिकटवून केलेले, हाताने ओढता येणार नाही इतके ताठ. ते एका लाकडी खोबणीवर आडवे बसवत. खोबणीत पुढेमागे सरकणारी पट्टी असे. पट्टीचे पुढचे टोक जमिनीला टेकवायचे आणि मागच्या अर्धवर्तुळाकार आडव्या दांड्यावर पोट रेटून सगळ्या शरीराचा भार द्यायचा, की पट्टी मागे सरके आणि प्रत्यंचा ताणली जाई. बाजूच्या दात्यांत खीळ अडकून पट्टी जागेवर राही. मग नेम धरायचा आणि खटका ओढायचा. पोट लावून ताणायचे म्हणून ग्रीकांनी त्याला ‘पोटधनुष्य’ अशा अर्थाचे नाव दिले होते. यात नवे काय? हातांऐवजी सगळे शरीर कामाला लागले. शिवाय ताण देणे आणि नेम धरणे ही दोन कामे सुटी झाली. साध्या धनुर्धराला ती एकाच दमात करावी लागत. पुढे या धनुष्याला पायटेकू मिळाला, मागे ताणण्यासाठी रहाट मिळाला, आकार वाढला.

सिसिलीहून आणलेला असा एक बाण स्पार्टात कोणी तरी राजाला दाखवला. राजा होता तिसरा आर्किडेमस, प्लॅटीआला वेढा घालणाऱ्या आर्किडेमसचा नातू. माणसाच्या शौर्याचे दिवस आता संपले, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याचे प्लूटार्क सांगतो. समोरासमोर उभे राहून लढण्यावर ज्या समाजाने सगळे आयुष्य बांधले होते, त्या समाजाच्या राजाला धोका अचूक दिसला.

धनुष्याला मात्र एक मर्यादा असते. ते फार मोठे केले तर मोडते. बाण लांब नेता येतो, पण वीस किलोंचा दगड नेता येत नाही. ही मर्यादा ओलांडली गेली इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला, आणि याचे श्रेय बहुतेक अभ्यासक मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपच्या पदरी असलेल्या कारागिरांना देतात. त्यांचा म्होरक्या होता थेसलीचा पॉलीइडस. इ.स.पू. ३४० मध्ये पेरिन्थस आणि बायझँटियम या नगरांच्या वेढ्यांत तो फिलिपबरोबर होता. धनुष्य बाजूला सारून बळ साठवण्याची निराळीच युक्ती आता पुढे आली: पीळ.

सुतळीचे दोन पदर ताणून बांधावे, मध्ये काडी खुपसून ती फिरवत न्यावी, आणि मग सोडावी. काडी फटकन परत येते. प्राचीन यंत्राचे हृदय हेच. मजबूत लाकडी चौकटीत दोन बाजूंना दोन उभी जुडगी. प्रत्येक जुडगे जनावरांच्या कंडरांपासून वळलेल्या दोराचे, किंवा केसांच्या दोराचे. दोर चौकटीच्या वरच्या आणि खालच्या छिद्रांतून पुन्हा पुन्हा ओवून छिद्र गच्च भरायचे. प्रत्येक जुडग्याच्या मधोमध एक लाकडी बाहू खुपसायचा आणि दोन्ही बाहूंच्या टोकांना जोडणारी प्रत्यंचा लावायची. छिद्रांवर काशाची कडी बसवलेली असत. ती फिरवली की दोराचा पीळ वाढे. रहाटाने प्रत्यंचा मागे खेचली की बाहू मागे जात, जुडगी आणखी पिळली जात. आणि खटका ओढला की साठवलेले सगळे बळ एका क्षणात बाणाला किंवा दगडाला मिळे.

दोन्ही जुडग्यांचा ताण सारखा हवा, नाहीतर बाण वाकडा जातो. तो सारखा आहे हे ओळखायचे कसे? कानाने! दोर छेडायचा आणि दोन्ही बाजूंचा सूर एक येतो का ते ऐकायचे. ऑगस्टसच्या काळचा रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस, ज्याने स्वतः सैन्यासाठी ही यंत्रे बांधण्या-दुरुस्त करण्याचे काम केले होते, तो आपल्या ग्रंथात सांगतो की वास्तुकाराला संगीत कळले पाहिजे, आणि त्याच्या कारणांत हेही एक कारण देतो.

हे यंत्र फिलिपच्या मुलाच्या, अलेक्झांडरच्या, हाती आले आणि त्याचा खरा उपयोग जगाने पाहिला. त्याच्याबरोबर पॉलीइडसचे शिष्य डायाडीस आणि कॅरियस होते. इ.स.पू. ३३२ मध्ये टायरचा वेढा सात महिने चालला. टायर हे बेटावरचे नगर. अलेक्झांडरने समुद्रात भराव टाकून त्यावर मनोरे आणि यंत्रे नेली, पुढे जहाजांवरही यंत्रे चढवली. टायरकरांचे प्रत्युत्तरही तोडीस तोड. येणारे बाण मोडावेत म्हणून त्यांनी तटावर आऱ्यांची फिरती चाके बसवली, दगडांचा तडाखा सोसावा म्हणून कातड्यांत समुद्रशेवाळ भरून ती भिंतीपुढे लावली. त्याच वर्षी गाझाला तटावरच्या यंत्राचा बाण खुद्द अलेक्झांडरची ढाल आणि चिलखत भेदून खांद्यात घुसला. यंत्र वेढा घालणाऱ्याचे तेवढेच, असे नव्हते. पहिल्यापासून ते दोन्ही बाजूंना होते. अलेक्झांडरने ते वेढ्याबाहेरही वापरले. इ.स.पू. ३२९ मध्ये जॅक्सार्टीस, म्हणजे आजची सिर दर्या, ओलांडताना पैलतीरावरचे शक घोडेस्वार त्याने यंत्रांच्या माऱ्याने मागे रेटले आणि मगच सैन्य पाण्यात घातले. पुढे स्वात परिसरातल्या ऑर्नोसच्या पहाडी ठाण्यापुढे त्याने घळ भरून काढत यंत्रे पुढे नेली. भारतीय उपखंडात या यंत्रांचा वापर झाल्याची ही ठळक नोंद आहे.

आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग. इथपर्यंतची यंत्रे अनुभवाने, चुकत-माकत घडत होती. एकाच मापाने केलेल्या दोन यंत्रांचा टप्पा वेगळा पडे. का, ते कळत नसे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या कारागिरांनी त्याचे उत्तर शोधले. तिथल्या टॉलेमी राजांना कीर्तीची आणि कलेची ओढ होती आणि ते खर्चाला मागेपुढे पाहत नसत, असे बायझँटियमचा यंत्रलेखक फिलो लिहितो. या कारागिरांनी एकेक भाग लहान-मोठा करून पाहिला आणि ताडले की सगळ्या यंत्राची किल्ली एकाच मापात आहे: दोराचे जुडगे ज्यातून जाते त्या छिद्राच्या व्यासात. ते माप ठरले की चौकट, बाहू, खोबण, सगळे त्याच्या पटीत ठरते.

आणि ते माप कसे ठरवायचे? बाण फेकणाऱ्या यंत्राचा नियम सोपा: बाणाच्या लांबीचा नववा भाग. दगड फेकणाऱ्याचा नियम अवघड. दगडाचे वजन मिनांमध्ये घ्यावे. एक मिना म्हणजे सुमारे ४३६ ग्रॅम. त्याला १०० ने गुणावे. येणाऱ्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्यात त्याचाच दहावा भाग मिळवावा. आले ते छिद्राचा व्यास, बोटांच्या रुंदीत. एक बोट सुमारे १.९ सेंटीमीटर. उदाहरणार्थ १० मिनांचा दगड, म्हणजे सुमारे साडेचार किलो. १० गुणिले १००, झाले १०००, घनमूळ १०, त्यात एक मिळवला, ११ बोटे, म्हणजे साधारण २१ सेंटीमीटर. आता दगड आठपट जड करावा, ८० मिना. घनमूळ येते २०, व्यास २२ बोटे. दगड आठपट, व्यास फक्त दुप्पट. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट झाल्याने दोर मात्र आठपट लागतो. म्हणजेच या नियमाचा अर्थ असा: जेवढा दगड जड, त्या प्रमाणात पिळलेला दोर जास्त. बळ साठते ते दोराच्या घनफळात, हे त्या कारागिरांनी ऊर्जा ही कल्पना जन्माला येण्याच्या दोन हजार वर्षे आधी मोजून काढले होते.

घनमूळ काढायचे कसे, हा त्या काळचा मोठा पेच होता. पट्टी आणि कंपास एवढ्यावर ते काढता येत नाही. घन दुप्पट करण्याचा तो प्रसिद्ध प्रश्न, ज्यावर ग्रीक गणितींनी पिढ्यान्‌पिढ्या डोके लढवले, तो इथे कारखान्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या एराटोस्थेनीसने तो सोडवण्यासाठी सरकत्या चौकटींचे एक साधन तयार केले आणि तिसऱ्या टॉलेमीला ते सादर करताना यंत्रांचे आकार वाढवण्यासाठी त्याचा उपयोग होईल, हे आवर्जून नमूद केले. शुद्ध गणिताला ग्रीक लोक हाताच्या कामापासून दूर ठेवत, असे वारंवार सांगितले जाते. इथे तर गणिती, सुतार आणि कासार एकाच मापावर काम करताना दिसतात!

हा झाला सिद्धांत. आता थोडे मागे जाऊन ती यंत्रे रणात काय करत ते पाहू. इ.स.पू. ३०५ मध्ये डेमेट्रियस या मॅसिडोनी सेनानीने ऱ्होड्स या बेटावरच्या नगराला वेढा घातला. त्याचा नऊ मजली चाकांचा मनोरा तीन बाजूंनी लोखंडी पत्र्यांनी मढवलेला होता. प्रत्येक मजल्यावर यंत्रे आणि त्यांच्यापुढे उघडझाप करणारी झडपे, लोकर भरलेल्या कातड्याची. तो हलवायला ३४०० निवडक माणसे होती. ऱ्होड्सकर डगमगले नाहीत. एका रात्री त्यांनी असा मारा केला की मनोऱ्याचे काही पत्रे निखळले आणि उघड्या लाकडाने पेट घेतला. डेमेट्रियसने तो कसाबसा मागे ओढून वाचवला. सकाळी त्याने शत्रूचे अस्त्रसामर्थ्य अजमावण्यासाठी पडलेले बाण गोळा करवले: ८०० हून अधिक अग्निबाण आणि निदान १५०० साधे. एका रात्रीतले हे. अखेर पुढच्या वर्षी तह झाला. मागे टाकून दिलेल्या वेढ्याच्या सामानातून ३०० टॅलंट एवढी रक्कम उभी राहिली आणि त्यातून ऱ्होड्सचा तो महाकाय सूर्यदेव उभारला, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.

संरक्षकाच्या हाती हे यंत्र किती प्रभावी ठरे, याचा कळस म्हणजे सिराक्यूज. इ.स.पू. २१३ मध्ये रोमन सेनापती मार्सेलस जहाजांनिशी आला तेव्हा आत गणिती आर्किमिडीज होता. त्याने वेगवेगळ्या टप्प्यांची यंत्रे आधीच मांडून ठेवली होती. लांब असताना मोठ्या यंत्रांचे दगड, जवळ आल्यावर लहान यंत्रांचे. अगदी तटाखाली यावे तर भिंतीत पुरुषभर उंचीवर जंग्या पाडलेल्या, बाहेरून वीतभरही रुंद नसलेल्या, आणि त्यांतून बाण. सुरक्षित असे अंतरच उरले नव्हते. मार्सेलसने थेट हल्ल्याचा नाद सोडला आणि नाकेबंदी केली. नगर पुढच्या वर्षी पडले ते एका सणाच्या रात्री साधलेल्या संधीमुळे आणि फितुरीमुळे.

तटबंदीचे शास्त्रही यामुळे बदलले. फिलो सांगतो की तट निदान १० हात जाड हवा आणि पुढे एकाऐवजी तीन खंदक हवेत, म्हणजे दगडफेकी यंत्रे दूरच राहतील. बुरूज मोठे झाले, त्यांच्या वरच्या मजल्यांना यंत्रांसाठी रुंद खिडक्या आल्या.

आणखी एक बाब, जी लढायांच्या वर्णनांत झाकली जाते: दोर कुठून येई? यंत्राचे लाकूड रानात मिळते, पण कंडरा आणि केस गोळा करावे लागतात, कमवावे लागतात, साठवावे लागतात. इ.स.पू. २२० मध्ये संकटात सापडलेल्या सिनोपी नगराला ऱ्होड्सने मदत पाठवली, तिच्यात कमावलेले केस ३०० टॅलंट होते. एक टॅलंट सुमारे २६ किलो धरला तर हे सात-आठ टन केस होतात! आणि कार्थेजची गोष्ट तर मन हेलावून टाकणारी आहे. इ.स.पू. १४९ मध्ये रोमने शांततेची अट म्हणून शस्त्रे मागितली. कार्थेजने २००० यंत्रे आणि दोन लाख माणसांची शस्त्रसामग्री निमूट स्वाधीन केली. त्यानंतर रोमने सांगितले, आता नगरही सोडा. कार्थेजकर उठले. देवळांचे कारखाने झाले, स्त्री-पुरुष रात्रंदिवस राबू लागले, आणि यंत्रांच्या दोरासाठी स्त्रियांनी आपले केस कापून दिले. तीन वर्षे ते नगर लढले.

रोमनांनी ही विद्या ग्रीकांकडून घेतली आणि बराच काळ यंत्रेही जिंकलेलीच वापरली. इ.स.पू. २०९ मध्ये स्पेनमधील नव्या कार्थेजमध्ये रोमन सेनापती सिपिओच्या हाती १२० मोठी आणि २८१ लहान बाणयंत्रे, २३ मोठी आणि ५२ लहान दगडयंत्रे लागल्याचे इतिहासकार लिव्ही नोंदवतो. मग रोमनांचे स्वतःचे कर्तृत्व काय? त्यांनी यंत्र सैन्यातच रुजवले. प्रत्येक लीजनकडे, म्हणजे सैन्याच्या प्रत्येक मोठ्या तुकडीकडे, स्वतःची यंत्रे, ती चालवणारे आणि दुरुस्त करणारे शिपाई. रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभावर खेचरांच्या गाड्यांवर बसवलेली बाणयंत्रे कोरली आहेत. पुढे युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजेशियस तर लीजनमागे अशा ५५ गाड्यांचा हिशोब देतो.

त्यांच्या हाती या यंत्राचा अचूकपणा किती भयंकर होता, हे सीझर गॉलमधील अव्हारिकमच्या इ.स.पू. ५२ मधील वेढ्याच्या वर्णनात सांगतो. रोमनांनी २५ दिवसांत उभारलेल्या दमदम्याला आग लागली होती. नगराच्या दरवाजापुढे एक गॉल हातोहात आलेले चरबीचे आणि डांबराचे गोळे त्या आगीत टाकत होता. छोट्या यंत्राचा बाण त्याच्या उजव्या कुशीत घुसला. शेजारचा त्याच्या देहावरून पुढे आला, तेच काम करू लागला. तोही तसाच पडला. मग तिसरा, मग चौथा. आग विझेपर्यंत ती जागा रिकामी राहिली नाही. सीझरने हे डोळ्यांनी पाहिले आणि शत्रूचे हे धैर्य नोंदवण्यावाचून त्याला राहवले नाही.

इ.स. ७० मध्ये जेरुसलेमपुढे रोमन सेनापती टायटसची मोठी यंत्रे एक टॅलंट वजनाचे दगड दोन स्टेडिया, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या पलीकडे फेकत. दगड पांढरा असल्याने येताना चमकून दिसे, बुरुजावरचे पहारेकरी ओरडून इशारा देत आणि माणसे आडवी पडत. रोमनांच्या हे ध्यानात आल्यावर त्यांनी दगड काळे रंगवले. आतल्या ज्यूंकडेही रोमनांकडून हिसकावलेली ३०० बाणयंत्रे आणि ४० दगडयंत्रे होती. पण सुरुवातीला त्यांचा उपयोग होईना, कारण ती चालवायची कशी हे ठाऊक नव्हते. रोमन छावणीतून फितून आलेल्यांनी थोडेफार शिकवले, पुढचे रोजच्या लढाईने.

आदल्या वर्षी, इ.स. ६९ मध्ये, रोमनच रोमनांशी लढत होते. इटलीतील क्रिमोनाच्या रात्रीच्या लढाईत सम्राट व्हिटेलियसच्या पक्षाचे एक अजस्र दगडयंत्र समोरच्या रांगा चिरडत होते. दोन शिपायांनी मेलेल्या शत्रूंच्या ढाली उचलल्या, ओळख लपवून यंत्रापर्यंत गेले आणि दोर कापले. दोघे तिथेच मारले गेले. त्यांची नावे मागे उरली नाहीत, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. १८८७ मध्ये क्रिमोनाजवळ जमिनीतून अशाच एका यंत्राचा दर्शनी पत्रा निघाला. त्यावर चौथ्या मॅसिडोनिका लीजनचे नाव आणि इ.स. ४५ च्या कॉन्सलांची नावे आहेत. ते याच लढाईतले असेल, तर ते यंत्र चोवीस वर्षे सेवेत होते. १९१२ मध्ये स्पेनमधील अँपुरियस येथे आणि १९७२ च्या सुमारास इराकमधील हात्रा येथे यंत्रांचे धातूचे भाग मिळाले. जर्मन अधिकारी एर्विन श्राम याने विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या ग्रंथांवरून यंत्रे पुन्हा बांधली. कंडरांऐवजी घोड्याचे केस वापरूनही त्याचा बाण साडेतीनशे मीटरपलीकडे गेला, आणि जुन्या लेखकांचे आकडे फुगवलेले नव्हते, हे दिसून आले.

चौथ्या शतकात दगड फेकण्यासाठी निराळेच यंत्र पुढे आलेले दिसते: ओनेजर, म्हणजे रानगाढव. एकच आडवे जुडगे, एकच उभा बाहू, त्याच्या टोकाला गोफण. अमियानस मार्सेलिनस हा सैनिक-इतिहासकार त्याचे वर्णन करतो. दोन्ही बाजूंना चार-चार तरुण रहाट फिरवत. ते दगडी तटावर ठेवता येत नसे, कारण त्याच्या हिसक्याने तट खिळखिळा होई. मातीच्या ढेपांचा किंवा विटांचा थर द्यावा लागे. इ.स. ३६३ च्या पर्शियन मोहिमेत अशा यंत्रामागे उभा असलेला एक रोमन कारागीर, नीट न बसवलेला दगड उलटून आल्याने चिरडला गेला. दोन बाहूंच्या यंत्रापेक्षा ओनेजर ओबडधोबड आणि नेमाला कच्चे. मग त्याने त्या यंत्राची जागा का घेतली? त्याला दोन जुडग्यांचा ताण जुळवावा लागत नाही, काशाच्या कड्यांचा नेमका मेळ लागत नाही, कानाने सूर ओळखणारा कारागीर लागत नाही. ज्या काळात असे कारागीर तयार करणे आणि पोसणे राज्याला जड जात होते, त्या काळाला हे यंत्र परवडणारे होते.

इ.स. ५३७ मध्ये बायझंटाइन सेनापती बेलिसारियसने गॉथांपासून रोम राखले तेव्हा बुरुजांवर बाणयंत्रे आणि तटावर ओनेजर मांडले होते. एका यंत्राच्या बाणाने चिलखत घातलेला गॉथ पाठीमागच्या झाडाला खिळला, असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. त्याच शतकाच्या अखेरीस आव्हार आणि स्लाव टोळ्यांनी थेसलोनिकीला वेढा घातला, तेव्हा त्यांच्या यंत्रांत पिळलेला दोर नव्हताच. उंच चौकटीवर आडवी तुळई, एका टोकाला गोफण, दुसऱ्या टोकाला लोंबते दोर, आणि ते एकदम खाली खेचणारी माणसांची रांग. त्याला कंडरा नको, केस नकोत, घनमूळही नको. लाकूड आणि माणसे असली की पुरे. पुढच्या काही शतकांत भूमध्य समुद्राच्या भोवती दगडफेकीचे काम याच यंत्राने आपल्याकडे घेतले.